भाराभर चिंध्या

सई परांजपे हे नाव घेतलं की आपल्यापैकी बहुतेकांना 'चश्मे बद्दूर' आठवतो. दीप्ती नवल 'चमको' पावडर विकायला दारात उभी आहे आणि फारुख शेख वेंधळ्यासारखा तिच्याकडे बघतोय. झालंच तर 'कथा'. त्यापुढे विचारलं की गाडी अडते. माझ्या टीममधल्या एका पोराला वाटत होतं की बाईंनी दोन सिनेमे काढले आणि मग काम सोडलं. म्हटलं, बाबा रे, जरा बस इथं.

जन्म १९ मार्च १९३८, लखनौचा. आठव्या वर्षी 'मुलांचा मेवा' हे गोष्टींचं पुस्तक प्रसिद्ध. मग आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर निवेदन आणि मुलांचे कार्यक्रम. पुण्यात बालरंगभूमी. १९६३ साली दिल्लीच्या नॅशनल स्कूल ऑफ ड्रामातून पदवी, तीही अल्काझींच्या हाताखाली. पुढं दूरदर्शनवर निर्माती. 'जास्वंदी', 'सख्खे शेजारी', 'माझा खेळ मांडू दे' ही नाटकं. सिनेमे, मालिका, माहितीपट, बालचित्रपट, चिल्ड्रन्स फिल्म सोसायटीचं अध्यक्षपद (दोनदा), २००६ साली पद्मभूषण, २०१६ साली 'सय' हे आत्मचरित्र. ऐंशी ओलांडल्यावर 'इवलेसे रोप' नावाचं नवं नाटक लिहून ते स्वतः बसवलं. आणि २०२५ च्या जानेवारीत संभाजीनगरच्या अजिंठा-वेरूळ चित्रपट महोत्सवात पद्मपाणी जीवनगौरव पुरस्कार.

हा बायोडेटा आपल्याकडच्या एखाद्या एचआरच्या हातात पडला तर तो पहिला प्रश्न काय विचारेल? "मॅडम, बट व्हॉट इज युअर कोअर स्किल?" :)

हसू नका. मला खरंच हा प्रश्न पडला होता आणि त्याचं उत्तर शोधायला कारणही घरचंच होतं.

माझं गाव शेवगाव. माझी चुलतबहीण तिथंच असते. नगरला कॉलेजात होती तेव्हा एकांकिका स्पर्धांचं वारं लागलं. एका वर्षी संहिता लिहिली, पुढच्या वर्षी लाइट केले, तिसऱ्या वर्षी नेपथ्य. आता गावात शाळांच्या भिंती रंगवते, लग्नपत्रिकांची डिझाइनं करते, मोबाईलवर पाच-सात मिनिटांच्या फिल्मा काढते आणि त्यांचं पार्श्वसंगीतही तीच कुठूनतरी जमवते. वाईट करत नाही. पैसे मात्र एका महिन्यात येतात आणि तीन महिने येत नाहीत. पाहुणे आले की विचारतात, "मुलगी काय करती?" आणि काकांना एका शब्दात सांगता येत नाही. हे त्यांचं खरं दुखणं. "शिक्षिका आहे" म्हटलं की विषय संपतो. "बँकेत आहे" म्हटलं की चहाबरोबर खारी पण खाल्ली जाते.

तर काकांनी निर्णय दिला. बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरायचा, एक वर्ष फक्त अभ्यास, बाकीचं सगळं माळ्यावर. मला फोन करून म्हणाले, "तू तरी सांग तिला. एक ना धड, भाराभर चिंध्या!" पाठोपाठ तिचा फोन. "दादा, तू तरी सांग त्यांना." पुण्यात आयटीत असलं की घरात आपोआप हायकोर्टाचा दर्जा मिळतो, त्याचे हे परिणाम.

निकाल द्यायच्या आधी मी 'सय' परत वाचायला काढलं. पुस्तकाचं उपशीर्षकच 'माझा कलाप्रवास'. याच आठवणींचं इंग्रजी पुस्तक २०२० साली आलं. त्याचं नाव 'अ पॅचवर्क क्विल्ट'. म्हणजे काय? गोधडी! आमच्याकडे वाकळ म्हणतात. जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे, सदऱ्यांचे तुकडे एकावर एक घालून शिवलेली. म्हणजे भाराभर चिंध्याच, फक्त शिवलेल्या. काकांची म्हण आणि बाईंच्या पुस्तकाचं नाव एकाच गाठोड्यातून निघालेलं बघून मला जाम मजा वाटली. पण चिंध्या शिवायला दोरा लागतो. सई परांजप्यांचा दोरा कुठला?

त्याआधी एक गोष्ट मान्य करू, कारण ती केली नाही तर हा सगळा प्रकार प्रेरणादायी ईमेल फॉरवर्ड होईल. बाईंचं घर साधं नव्हतं. आजोबा रँग्लर र. पु. परांजपे. मूळ कोकणातल्या मुर्डीचे, १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले पहिले भारतीय, फर्ग्युसनचे प्राचार्य, लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू, १९४४ ते ४७ ऑस्ट्रेलियात भारताचे हायकमिशनर. नातीचं लहानपण त्यामुळे पुणे आणि कॅनबेरा असं विभागलेलं. आई शकुंतला परांजपे. त्याही केंब्रिजच्या. १९३७ च्या शांतारामबापूंच्या 'कुंकू'मध्ये म्हाताऱ्या नवऱ्याच्या सुशिक्षित मुलीचं काम त्यांनीच केलं. पुढं र. धों. कर्व्यांच्या बरोबरीनं संततिनियमनाचा प्रचार, सहा वर्षं राज्यसभेत नियुक्त खासदार, १९९१ साली पद्मभूषण. वडील युरा स्लेप्टझॉफ, रशियन चित्रकार. आईवडील लवकर वेगळे झाले आणि मुलगी आई-आजोबांकडे वाढली.

अशा घरात मुलीनं आठव्या वर्षी गोष्टी लिहिल्या तर आजोबा आणि आई तिच्या वह्या छापून आणतात. आमच्याकडे आठव्या वर्षी गोष्ट लिहिली तर विचारतात, होमवर्क झाला का? त्यामुळे "त्यांना जमलं, मग हिला का नाही" हा युक्तिवाद मी काकांपुढं करणार नव्हतो. तो खोटा आहे. पडायची मुभा असलेल्या माणसानं उडी मारणं आणि नसलेल्यानं मारणं यात फरक असतो.

पण उडी मारल्यावर बाईंनी जे केलं ते आजोबांच्या पुण्याईवर झालेलं नाही. तिथं मला रस आहे.

रेडिओपासून सुरुवात करू. रेडिओवर चेहरा नाही, कपडे नाहीत, सेट नाही. आवाजावरून माणूस उभा करायचा. सई परांजप्यांचे सिनेमे डोळे मिटून ऐकून बघा (मी कॅबमध्ये ऐकलेत, ट्रॅफिकची कृपा). 'चश्मे बद्दूर'मधले तीन रूममेट आणि पानवाले लल्लन मियाँ यांच्या बोलण्याच्या तऱ्हा इतक्या वेगळ्या की कोण बोलतंय हे नाव न घेता कळतं. सईद जाफरीचा लल्लन मियाँ उधारी मागतो ती पण लखनवी अदबीनं. हा कान आकाशवाणीत तयार झालाय असं माझं ठाम मत आहे.

दूरदर्शनवर १९७२ साली त्यांनी 'द लिटल टी शॉप' ही टेलिफिल्म केली. तेहरानमध्ये तिला एशियन ब्रॉडकास्टिंग युनियनचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, त्याच्या उद्घाटनाच्या कार्यक्रमाची निर्मितीही त्यांच्याकडेच होती. आणि इथं एक आपल्या धंद्यातली गोष्ट येते. 'चश्मे बद्दूर' एकदम आकाशातून पडलेला नाही. टीव्हीसाठी त्यांनी आधी 'धुआँ धुआँ' केलं होतं, त्यातून तो वाढला. 'कथा'चं मूळ स. गं. साठ्यांच्या 'ससा आणि कासव' या मराठी नाटकात. एका माध्यमात चालवून बघायचं, काय टिकतं ते ठेवायचं, बाकीचं फेकून दुसरीकडं नव्यानं बांधायचं. आपण रीयूज-रीयूज म्हणून नुसता गजर करतो, बाई ते वीस वर्षं करत होत्या.

आता तो दोरा. नाटकाचं नाव 'सख्खे शेजारी'. १९८४ च्या मालिकेचं नाव 'अडोस पडोस'. आणखी एका मालिकेचं नाव 'हम पंछी एक चॉल के'. 'कथा' चाळीत घडते. तिथं एकाच्या घरातली फोडणी दुसऱ्याच्या घरात शिंकायला लावते. बाशू नावाचा ससा आयता येऊन राजारामच्या खोलीत, त्याच्या ऑफिसात आणि त्याच्या स्वप्नांत घुसतो, ते राजाराम भिडस्त शेजारी आहे म्हणूनच. 'चश्मे बद्दूर'मध्ये तीन पोरं एका खोलीत एक सिगरेट तिघांत ओढतात, आणि नायिका त्याच वस्तीत राहते. 'स्पर्श' तर माझा सगळ्यात आवडता. त्यात अंधशाळेचा प्राचार्य अनिरुद्ध (नसीरुद्दीन शाह) डॉक्टरकडे निघालाय. वाटेत कुणीतरी गात असल्याचं ऐकू येतं आणि तो आवाजामागं जाऊन भलत्याच दारावर थाप मारतो. दार शबाना आझमी उघडते. डॉक्टरचं दार राहिलं बाजूला आणि शेजारच्या दारातून सगळी गोष्ट आत येते.

मला हे उशिरा दिसलं आणि एकदा दिसल्यावर सगळीकडं दिसायला लागलं. रेडिओ, टीव्ही, नाटक, सिनेमा बदलत राहिले. बाई मात्र एकच गोष्ट बघत होत्या: थोड्या जागेत एकमेकांना खेटून राहावं लागणारी माणसं एकमेकांचं काय करतात? सांभाळतात, फसवतात, ऐकतात, चोरून ऐकतात. म्हणजे कोअर स्किल विचारलं तर ते सिनेमा नव्हे आणि नाटकही नव्हे. शेजार. बायोडेटात हे लिहायला कॉलम नाही, ही बायोडेटाची अडचण.

'स्पर्श'बद्दल अजून थोडं, कारण आपल्याला डेडलाइनचं फार कौतुक असतं. या सिनेमाला १९७९ सालचे राष्ट्रीय पुरस्कार मिळाले: उत्कृष्ट हिंदी चित्रपट, नसीरला अभिनयाचा, बाईंना पटकथेचा. तरी तो रीतसर थिएटरला लागायला काही वर्षं गेली. त्यामुळं फिल्मफेअरचे पुरस्कार, सर्वोत्तम चित्रपट, दिग्दर्शन आणि संवाद, मिळाले ते थेट १९८५ च्या सोहळ्यात! मधल्या काळात 'चश्मे बद्दूर' आला, गाजला, 'कथा' आला, त्यालाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पहिला रिलीज अडकला म्हणून बाई बसून राहिल्या नाहीत.

यात शाळेतली मुलं खरीच अंध विद्यार्थी आहेत, आणि प्राचार्याचं पात्र दिल्लीच्या एका अंधशाळेच्या प्रत्यक्ष प्राचार्यांवरून सुचलेलं. अनिरुद्धला कीव नको असते. त्याला मदत केली की तो भडकतो, आणि तो भडकतो तेव्हा आपल्याला तो नेहमी बरोबर वाटत नाही. तिथंच सिनेमा मोठा होतो. दुसऱ्या कुणी केला असता तर तो देवमाणूस झाला असता.

आता 'कथा' १९८३ आणि त्यानंतरचा मोठा सिनेमा 'दिशा' १९९०. मध्ये सात वर्षं. लिंक्डइनच्या भाषेत करिअर गॅप. त्या काळात 'अडोस पडोस', 'छोटे बडे' या मालिका होत्या, माहितीपट होते. एक माहितीपट वारणानगरच्या मुलांच्या वाद्यवृंदावर आहे, साखर कारखान्याच्या परिसरात वाढलेल्या पोरांच्या ऑर्केस्ट्रावर. पुढच्या काळात दारूविरुद्ध उभ्या राहिलेल्या बायकांवर 'चूडियाँ', आणि सुईनं नशा करणाऱ्यांवर २००९ साली 'सुई'. मोठ्या पडद्यावरची नावं मात्र मोजून सहा: 'स्पर्श', 'चश्मे बद्दूर', 'कथा', 'दिशा', 'पपीहा', 'साज'. (बालचित्रपट वेगळे.) इतक्या मोठ्या आयुष्यात सहाच? असं वाटतं खरं. पैसा उभा करणं ही दरवेळी नवी लढाई असणार, आणि विनोदी सिनेमा चालला की निर्मात्याला पुढचाही तसाच हवा असतो. एका गोष्टीला चिकटून राहिल्या असत्या तर आज 'चश्मे बद्दूर'चे चार भाग असते. त्याऐवजी २०१३ साली दुसऱ्याच कुणीतरी त्याचा रिमेक काढला आणि बाईंचा मूळ सिनेमा नव्यानं झळाळून त्याच दिवशी थिएटरला लागला. कुठला बघायचा हे प्रेक्षकांनी ठरवायचं. मी ठरवलं होतं. असो.

दिवाळीच्या आधी गावी गेलो तेव्हा लॅपटॉपवर 'दिशा' घेऊन गेलो. काकांना भाषण देण्यापेक्षा हे बरं. कारण 'दिशा' आमच्या भागाचा सिनेमा आहे. दुष्काळी गाव, तिथून मुंबईच्या गिरणीत गेलेली माणसं, एकेका गाळ्यात पाळीपाळीनं झोपणारे डझनावारी पुरुष (पुन्हा शेजार!). नाना पाटेकर आणि रघुवीर यादव गावाहून येतात. रघुवीरची बायको, म्हणजे शबाना, गावातच विडीच्या कारखान्यात जाते. आणि ओम पुरी नुसता विहीर खणतो. वर्षानुवर्षं. गाव त्याला येड्यात काढतं.

ओसरीवर लावला. काका, काकू, बहीण आणि शेजारचे तात्या. तात्यांनी तरुणपणी बरीच वर्षं ऊसतोडीला काढली, नंतर मुकादमकी केली. दसरा-दिवाळीनंतर शेवगाव-पाथर्डीकडची गावं कशी रिकामी होतात हे मी तुम्हाला सांगायची गरज नसावी. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांवर संसार बांधून निघालेली माणसं हायवेला तुम्हीही बघितली असतील.

ओम पुरी आला की तात्या खुश. "ह्यो बरोबर करतोय" म्हणाले, पहिल्या अर्ध्या तासातच. काका विडी कारखान्याशी थांबले. नगरमध्ये घरोघर विड्या वळणाऱ्या बायका त्यांनी बघितल्यात, त्यामुळं शबानाच्या बोटांकडे टक लावून बघत होते. मला स्वतःला 'दिशा'तलं गाव जरा बाहेरून बघितल्यासारखं वाटतं. चाळ बाईंना आतून माहीत आहे, गाव अभ्यासानं माहीत आहे. पण मी हे बोललो नाही आणि बरं झालं, कारण तात्यांनी माझ्यापेक्षा नेमका मुद्दा काढला.

सिनेमा संपल्यावर म्हणाले, "ह्यात गडी एकटा जातो अन् बाई मागं राहती. आमच्यात तसं नाय. कोयता म्हंजी दोघं. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल पन दोघांवर. मागं ऱ्हातंय कोन? म्हातारी अन् पोरं. त्याचा पिच्चर कुनी काढला नाय."

माझी बहीण इतका वेळ गप्प होती. तिनं विचारलं, "तात्या, कारखान्यावर कोप्या घालता तेव्हा शेजारी कोण असतं? आपल्याच गावचं?"

"छ्या. कुठलंबी. एका साली आमच्या शेजारी जळगावकडचे होते. त्यांची भाकर निराळी, बोलनं निराळं. पहिले आठ दिस त्यांची बाई अन् आमची बाई एकमेकींना बोल्ल्याच नाहीत. मंग एका रात्री..."

बहिणीनं कुणाला न विचारता फोनचा रेकॉर्डर चालू केला आणि तो तात्यांच्या तांब्याशेजारी ठेवला. तात्या अकरा वाजेपर्यंत बोलत होते. काकूंनी मध्ये दोनदा चहा केला. काका उठून गोठ्याकडं चक्कर मारून आले, परत बसले, आणि एका ठिकाणी तात्यांना थांबवून म्हणाले, "आरं ते नाय, ते आधीच्या साली झालतं. नीट सांग, ती भरून घेतीय."

परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख तेव्हा नऊ दिवसांवर होती. त्या रात्री तो विषय कुणी काढला नाही.